रोमकॉमसाठी वर्षाचं पॅक घेतलं: सांगलीत बसून काय बघण्यासारखं, काय नुसता टाइमपास

आधी निकाल सांगून टाकते, मग बाकीची बडबड. खास रोमकॉम बघायला म्हणून एका ओटीटीचं वर्षाचं पॅक घेतलं. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण खाली त्यांच्याबद्दल चांगलं फार काही येणार नाहीये. सिनेमांना पाचात चार, ॲपला दोन, आणि शेजारी बसून आईनं केलेल्या कॉमेंट्रीला पैकीच्या पैकी, खरी वसुली तिथंच झाली.

माझी आवड एकदम ठरलेली आहे. मोठं शहर पाहिजे, त्यात एकटा राहणारा एक, एकटी राहणारी एक, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आणि मग बसमध्ये, लिफ्टमध्ये, दुकानाच्या रांगेत कुठंतरी गाठ पडते. बास. मारामारी नको, भुतं नकोत, खून तर अजिबात नको, दिवसभर ऑफिसात जे चालतं तेवढं पुरे. पुण्यात नोकरीला होते तेव्हा कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहिलेय, एका खोलीत चौघी, सकाळी बाथरूमला नंबर, रविवारी संध्याकाळी मेस बंद. त्यामुळं शहरात एकटं राहणं काय असतं ते मला सिनेमानं शिकवायची गरज नाही, पण सिनेमातलं एकटं राहणं मला जाम आवडतं, कारण त्यात डिपॉझिट नसतं, घरमालकीण नसते, रात्री दहाला गेटला कुलूप लागत नाही आणि मासिकात महिन्याला दोन लेख लिहिणाऱ्या पोरीचा न्यूयॉर्कमधला फ्लॅट आमच्या विश्रामबागच्या बिल्डिंगच्या अख्ख्या मजल्याएवढा असतो. ह्याला मी तक्रार म्हणत नाही हां. ज्याला खरं भाडं बघायचंय त्यानं ब्रोकरला फोन करावा.

पण ओळीनं इतके बघितल्यावर एक गोष्ट पक्की कळली की योगायोगाला काही अक्कल लागत नाही. पोरगी वळली, पोरगा वळला, कॉफी सांडली, कागद उडाले, हे कुणीही लिहील. खरा कस त्याच्यापुढं लागतो, म्हणजे त्या दोन अनोळखी माणसांना एकमेकांपाशी थांबायला कारण काय दिलंय. कारण तगडं असेल तर सिनेमा धावतो, नसेल तर मग मध्येच एक गाणं टाकून चार महिने उरकून टाकतात आणि आपण समजायचं की प्रेम झालं.

ह्या बाबतीत सगळ्यांचा बाप अजूनही 1934 चाच आहे, फ्रँक काप्राचा 'इट हॅपन्ड वन नाइट'. ब्लॅक अँड व्हाइट दिसलं तशी आई उठून भाजी निवडायला निघाली होती, मग भाजी घेऊन परत आली आणि शेवटपर्यंत बसली. बापाशी भांडून पळालेली श्रीमंत पोरगी, नोकरी गेलेला पत्रकार, आणि मायामीहून न्यूयॉर्कला जाणारी रात्रीची बस. पोरीची बॅग चोरीला जाते, पैसे संपत येतात, बाप पेपरात बक्षीस लावतो, म्हणजे दोघांना एकमेकांना सोडून जाणं परवडतच नाही. रात्री एकच खोली घ्यावी लागते तेव्हा तो दोन कॉटच्या मध्ये दोरी बांधतो आणि तिच्यावर ब्लँकेट टाकतो, झाली भिंत. आई म्हणाली, "पोरगा चांगल्या घरचा दिसतोय, तोंडाचा फटकळ आहे एवढंच." क्लार्क गेबलबद्दल ह्याहून नेमकं परीक्षण मी तरी वाचलेलं नाही. ह्या सिनेमाला सिनेमा, दिग्दर्शन, नायक, नायिका आणि पटकथा असे पाचही मोठे ऑस्कर मिळाले होते, असं होण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याकडं तीच गोष्ट 1956 ला राज कपूर-नर्गिसच्या 'चोरी चोरी'त आली आणि 1991 ला 'दिल है कि मानता नहीं'त, त्यामुळं आईला अर्ध्यातच स्टोरी ओळखीची वाटायला लागली आणि तिनं शेवट आधीच सांगून टाकला. साडेचार स्टार, अर्धा कापला कारण प्रिंट लय अंधारी होती.

'व्हेन हॅरी मेट सॅली' 1989 चा. नोरा एफ्रॉनची पटकथा, रॉब रायनरचं दिग्दर्शन. हा मी अधूनमधून लावतेच. कॉलेज संपल्यावर दोघं एका गाडीतून शिकागो ते न्यूयॉर्क येतात, अठरा तासांचा रस्ता, आणि अठरा तासांत त्यांचं एका गोष्टीवर एकमत होत नाही. पोचल्यावर टाटा बाय बाय. मग पाच वर्षांनी एअरपोर्टवर, मग आणखी पाच वर्षांनी पुस्तकाच्या दुकानात. म्हणजे बघा, पहिल्या योगायोगातून काहीही होत नाही, दुसऱ्यातून पण नाही, मध्ये दोघांची आपापली लफडी आणि एकाचं लग्न मोडून होतं तेव्हा कुठं दोघं बोलायच्या लायकीचे होतात. हे मला फार खरं वाटतं. मधे मधे म्हातारी जोडपी सोफ्यावर बसून आपलं कसं जमलं ते सांगतात, त्या गोष्टी खऱ्या माणसांकडून जमवलेल्या आणि मग नटांकडून बोलून घेतलेल्या आहेत. आणि सुरुवातीच्या मसुद्यात म्हणे हे दोघं शेवटी एकत्र येतच नव्हते, नंतर बदललं. बदललं ते बरं केलं, नाहीतर मी टीव्ही फोडला असता. हॉटेलातला तो फेमस सीन आई असताना लावू नका एवढंच सांगते, बाकी पाचपैकी पाच.

'यू हॅव गॉट मेल' 1998. इथं आमच्या घरात मतभेद झाले. तिचं आईकडून आलेलं लहान मुलांच्या पुस्तकांचं छोटं दुकान, त्याचं कोपऱ्यावरचं अवाढव्य दुकान, आणि दोघं नाव न सांगता एकमेकांना ईमेल लिहितायत. मूळ गोष्ट एका हंगेरियन नाटकाची, त्याच्यावर 1940 ला अर्न्स्ट लुबिशनं बुडापेस्टमधल्या दुकानातल्या दोन नोकरांचा सिनेमा केला होता, तिथं दोघं एकाच काउंटरला उभे राहून भांडतात आणि रात्री एकमेकांना पत्रं लिहितात. मला तो जुनाच जास्त आवडला, कारण तिथं दोघांची परिस्थिती सारखी आहे, दोघांनाही नोकरी जायची भीती आहे. टॉम हँक्सवाल्यात निम्म्यातच त्याला कळतं की ही तीच, आणि तरी तो सांगत नाही, वर तिचं दुकान बंद पडतं ते पडतंच. आई म्हणाली, "दुकान बुडवलं त्यानं आणि फुलं घेऊन आला, तर ही बया हसतीय." हरभट रोडवर ज्यांचं दुकान आहे आणि ऑनलाइनमुळं ज्यांचं गिऱ्हाईक तुटलंय त्यांनी हा सिनेमा जेवण झाल्यावर बघू नये, ॲसिडिटी होईल. तीन स्टार, त्यातला एक शहरातल्या पानगळीला.

ह्याच्या पुढचे नवीन, म्हणजे गेल्या काही वर्षांत थेट ओटीटीवर आलेले, त्यातल्या एकेकाचं वेगळं लिहायची गरजच नाही. सगळे एकाच साच्यातले. हिरोइनला नोकरी भारी पण मन रिकामं, एक मैत्रीण जिला स्वतःचं काही आयुष्यच नाही आणि ती फक्त सल्ला द्यायला दार वाजवते, हिरो एका पैजेमुळं किंवा बॉसनं सांगितलं म्हणून जवळ येतो, शेवट वीस मिनिटांवर आला की खोटं उघडं पडतं, पाऊस, आणि मग एअरपोर्टकडं धाव. अरे फोन करा की! जुन्या सिनेमांत चुकामूक व्हायची कारण नंबरच नसायचा, आता दोघांच्या हातात फोन आहे, लोकेशन ऑन आहे, तरी लेखक त्यांना एकमेकांना शोधत पळवतोय. फोनची अडचण प्रामाणिकपणे घेऊन लिहिलेला सिनेमा ह्या यादीत जवळजवळ नाही. दीड स्टार, तोही कपड्यांना.

उलट आपल्या बासू चटर्जींकडं हेच सगळं किती कमी खर्चात आहे. 'छोटी सी बात' 1976 चा. अरुण म्हणजे अमोल पालेकर, बसस्टॉपवर प्रभाला, म्हणजे विद्या सिन्हाला, रोज बघतो, मागं मागं चालतो आणि तोंडातून शब्द फुटत नाही, तोवर असरानी स्कूटर घेऊन हजर. मग खंडाळ्याला अशोक कुमारकडं जाऊन बोलायचं कसं ह्याचा क्लास लावतो. मागं मागं जाण्याचं आजच्या पोरींना कौतुक वाटणार नाही, मलाही वाटलं नाही, पण प्रभाला ते पहिल्यापासून माहीत असतं आणि ती त्याची मजा घेत असते, त्यामुळं निभावतं. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे त्यात दिसतं, ते 2015 ला बंद झालं, म्हणजे तिथं जाऊन फोटो काढायचाही चान्स गेला. 'बातों बातों में' 1979 चा, त्यात तर गाठच बांद्रा-चर्चगेट लोकलमध्ये पडते आणि ती पण निम्मी ठरवून, कारण पोरीच्या ओळखीचे अंकल मध्ये आहेत. रोज तीच गाडी, तोच डबा, तीच तोंडं. मुंबईत दोन माणसांना परत परत भेटवायला लेखकाला वेगळं काही करावंच लागत नाही, टाइमटेबल पुरतं. दोन्हीला चार-चार.

आणि मराठीत 'मुंबई-पुणे-मुंबई' 2010 चा, सतीश राजवाडेंचा, हा सोडून कसं चालेल. मुक्ता बर्वे मुंबईहून पुण्यात एका स्थळाला तोंडावर नकार द्यायला येते, रस्त्यात स्वप्नील जोशी भेटतो, आणि मग दिवसभर दोघं पुण्यात फिरत मुंबई भारी का पुणे भारी ह्याच्यावर वाद घालतात. जवळजवळ दोनच माणसं अख्ख्या सिनेमात. कमी पैशात केलेला असणार हे दिसतं, पण अडकवायचं कारण झकास आहे, तिला परत जायला वेळ आहे आणि शहर माहीत नाही, बास एवढंच. सांगलीकराला ह्या भांडणात डबल फायदा, मुंबईवाला पुण्याला नावं ठेवतो तेव्हाही हसायचं आणि पुणेवाला उलट बोलतो तेव्हाही, आपलं काय जातंय. पहिल्याला चार. पुढचे दोन भाग 2015 आणि 2018 ला आले, त्यात घरचे सगळे आले, साखरपुडा आला, लग्न आलं, बाळ आलं, म्हणजे रोमकॉमचं कौटुंबिक होऊन गेलं. आईला ते दोन जास्त आवडले ह्यातच काय ते समजा.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळं बघून झाल्यावर कुणालाही वाटेल की आपल्याला असं कुणी का भेटत नाही. तर सांगलीत भेटतं की, पण अनोळखी राहत नाही! मागच्या दिवाळीला स्वारगेटहून शिवशाहीनं येत होते, शेजारच्या सीटवर एक पोरगा, कानात हेडफोन, हातात पुस्तक, मी मनात म्हटलं झालं आपलं सुरू. खंबाटकी घाटात गाडी अडकली तेव्हा त्यानं चिक्की पुढं केली. साताऱ्यापर्यंत छान चाललं, कुठली पुस्तकं, कुठला चहा, त्याला पण पुण्याचा कंटाळा आलेला. कराड आलं आणि मागच्या सीटवरच्या काकू पुढं वाकल्या, "तुम्ही सांगलीचे काय? कुठं राहता? आडनाव?" आडनाव सांगितलं. "म्हणजे विलिंग्डनला होते त्या सरांची तू कोण?" पेठ नाक्यापर्यंत काकूंनी माझी आत्या शोधली, आष्ट्यापर्यंत त्याच पोराची मावशी आणि माझी आत्या एका भिशीत आहेत हे निघालं, आणि बस सांगली स्टँडला लागायच्या आत माझ्या आईचा फोन, "अगं तुझ्या शेजारी बसलाय त्याला बघून ठेव नीट, स्थळ चांगलंय." त्यानं तो फोन ऐकला. मी त्याचं तोंड बघितलं, त्यानं माझं. दोघं जे गप झालो ते रिक्षा मिळेपर्यंत गप. दुसऱ्या दिवशी त्याचा बायोडाटा घरच्या ग्रुपवर, उंची, रक्तगट, नाडी सकट. मला ज्याला पुस्तकाबद्दल विचारायचं होतं त्याचा पगार आधी कळला, आता काय बोलणार कप्पाळ.

म्हणून मला वाटतं न्यूयॉर्कच्या सिनेमाचं इंधन हे आहे की तिथं कुणीच कुणाला बघत नसतं. आणि आपल्याकडं सगळे सगळ्यांना बघत असतात, तर मग कॉमेडी त्याच्यातून काढायला पाहिजे. ती काढलेली आहे, आणि कुणी तर आपल्या हरिपूरच्या माणसानं. गोविंद बल्लाळ देवल, जन्म 1855, हरिपूरचे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे. त्यांचं 'संशयकल्लोळ' 1916 चं, त्याआधी तेच गद्यात 1893 ला 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' म्हणून होतं. मूळ आर्थर मर्फीचं इंग्रजी नाटक आणि त्याच्या मागं मोलिएर, म्हणजे माल पॅरिस-लंडन मार्गे आलेला, पण देवलांनी तो असा मुरवला की कुठं शिवण दिसत नाही. पात्रांची नावंसुद्धा महिन्या-नक्षत्रांवरनं, फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या.

बघा आता योगायोग कसा वापरलाय. रस्त्यात रेवतीला चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतो, नेमकं तेवढंच त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेच्या हाताला लागते, आणि ती तसबीर निरखताना आता नवरा तिला बघतो. संपलं. इकडं नवरा-बायकोत आग, तिकडं प्रेमात पडलेल्या दोघांत आग, आणि गुन्हा कुणाचाच नाही. रस्त्यावरची एक गाठ, एक फोटो, आणि खिडकीतनं बघणारं एक माणूस. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाबाहेर उभ्या राहिलेल्या पोरीला विचारा, तिला कळेल मी काय म्हणतेय ते. काळ जुना आहे, बायकोवर पाळत ठेवणं वगैरे आज बघताना टोचतं, रेवती नायकिणीच्या घरची म्हणून तिच्याकडं बघायची जी तऱ्हा आहे ती पण टोचते. पण फाल्गुनराव जसजसा पुरावा गोळा करत जातो तसतसं हसून पोट दुखतं आणि गाणी तर बोनस आहेत. विष्णुदास भाव्यांनी 1843 ला 'सीतास्वयंवर' सांगलीतच केलं हे आपण पाच नोव्हेंबरला दरवर्षी ऐकतो, पण देवलांच्या ह्या नाटकावर आजच्या काळातली एक झकास रोमकॉम कुणी का लिहीत नाही, तसबिरीच्या जागी स्टेटसवरचा फोटो टाकला की काम तमाम. माझ्याकडून ह्याला साडेचार. ॲपवर शोधलं तर सापडलं नाही, मी रेकॉर्डिंग दुसरीकडं बघितलं, पण प्रयोग लागला तर नाट्यगृहातच बघा, मधल्या अंतरात चहा पीत शेजारच्यांची मतं ऐकायला मिळतात.

आता ॲपकडं येते. रोमँटिक कॉमेडी अशी वेगळी रांग आहे खरी, पण तिच्यात काय भरलंय ते भरणाऱ्यानं तरी बघितलंय का शंका आहे. तिसरा सिनेमा लावला तर विसाव्या मिनिटाला हिरोइनच्या नवऱ्याची बॉडी सापडली. मराठी सबटायटल जवळपास कशालाच नाहीत, हिंदी आहेत ती मशीननं केलेली वाटतात, एका ठिकाणी नायिका रागानं निघून जाते आणि खाली आलं "मी उपवास करून येते". आईनं मला विचारलं, कुठला उपवास? बासू चटर्जींचे दोन्ही शोधून काढावे लागले, नाव बरोबर टाइप केलं तरी आधी दुसरंच काहीतरी पुढं करतं. जुन्या सिनेमांच्या प्रिंटचं वर लिहिलंच आहे. आणि पावसाळ्यात आमच्याकडं लाइट गेली की परत आल्यावर ॲप कुठपर्यंत बघितलं ते विसरतं, पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळं हॅरी-सॅलीचा शिकागो-न्यूयॉर्क प्रवास मला आता तोंडपाठ आहे. चांगलं काय, तर एका खात्यावर दोन स्क्रीन चालतात, म्हणजे आई आत तिची मालिका आणि मी बाहेर माझं. पण खरं सांगायचं तर एकटीनं बघितलेले सिनेमे मला नीट आठवत पण नाहीत.

कुणी घ्यावं? पुण्या-मुंबईत रूम करून राहताय, रात्री डबा उघडून काहीतरी लावायचंय, तर महिन्याचं घ्या, काप्राचा आणि हॅरी-सॅली बघा, मग बासूदांचे दोन, पैसे वसूल. घरी सांगलीत मंडळींबरोबर बघणार असाल तर पहिला 'मुंबई-पुणे-मुंबई' लावा, वाद होतील पण लाज वाटणार नाही. नवीन ओटीटीवाल्यांच्या नादाला इस्त्री करताना लागा, नुसतं बसून नको. वर्षाचं पॅक मात्र नको म्हणते मी, कारण पाहण्यासारखं सगळं दोन महिन्यांत संपतं आणि पुढचे दहा महिने तुम्ही फक्त पोस्टर बघत खाली खाली सरकत राहता. आणि घेतलंच तर पैसे कापले जायच्या आधी ऑटो-रिन्यू बंद करा, ते बटण सेटिंगमध्ये नाही, बिलाच्या पानावर अगदी तळाला बारीक राखाडी अक्षरात आहे, मोबाइलवर दिसत नाही, लॅपटॉपवरनं करावं लागतं.